अंक चौथा, पान अकरा

बुधवारी नवे अंक येतात.
वेंडेल किविस्तो दुकानाची कडी काढतो तेव्हा
डुलुथमध्ये उणे एकवीस असतं
आणि सरोवरावरचा वारा
मफलरमधून नेमकं कान शोधून काढतो.

माझा खोका त्यानं बाजूला ठेवलेला असतो.
मोठ्या कंपन्यांचं काही नको.
ज्यांच्या मागच्या पानावर जाहिरातीच्या जागी
'कागद महागला, माफ करा' असतं, तेवढेच.
तीनशे शब्द, पंचवीस डॉलर,
फुकट वाटायच्या साप्ताहिकात,
जे लाँड्रीत मोजे वाळेपर्यंत वाचलं जातं.

पहिला, 'तिसऱ्या पाळीचा ड्रॅगन'.
खनिजाच्या गोदीत भट्टी पेटवायला ठेवलेला,
युनियनचं कार्ड मागतो.
संवाद खुसखुशीत, रंग मात्र कालच्या सुपाचे.
दुसरा त्या ग्रहाचा, जिथे सावल्या भाड्यानं मिळतात.
सोळा पानांत अकरा स्फोट.
मी लिहिलं: स्फोट कमी करा, भाडं वाढवा.

मग 'बर्फफोड्या', अंक चौथा.
लॉयल हाकाला काढतो, एकटाच.
हिवाळाभर रात्री रस्त्यांवरचा बर्फ उपसतो, ट्रकनं,
उरलेल्या वर्षात यान हाकतो.
पहिल्या अंकावर मी लिहिलं होतं,
तेव्हा वाक्यांना धार लावायची हौस होती मला:
'या यानावर सगळ्यांचे हात खिशात आहेत,
कारण चित्रकाराला हात काढता येत नाहीत.'
हातोहात पसरलं ते.
दुसऱ्या अंकात सगळ्यांना हातमोजे.
तिसऱ्यात यंत्रमानव, चिमटेवाले.
पुढे सहा वर्षं काहीच नाही.

आणि आता पान अकरा.
चौकट नाही, फुगा नाही,
यानाला भोक पडलंय
आणि पानभर नुसते हात.
भोक दाबून धरणारे, दोर ओढणारे,
अंगठीभोवती सुजलेले,
एक, एवढ्या गडबडीत, पोराचं नाक पुसणारा.

मी भिंग घेतलं. सवय.
दोन अंगठे उलट्या बाजूला आहेत.
डावीकडच्या म्हातारीला बोटं सहा.
खोडरबरानं कागद इतका खरवडलाय
की छापल्यावरही लव दिसते.

"विचारत होता," वेंडेल म्हणाला,
"ती अजून लिहिते का म्हणून."
मी सुट्टे पैसे मोजत राहिले.

रात्री बसले. ड्रॅगननं दोनशे शब्द खाल्ले होते,
ते काढले.
खोटं लिहायचं नाही, एवढा एकच नियम,
आणि हातचं राखून लिहिणं मला कधी जमलंच नाही.
लिहिलं: हात अजून जमलेले नाहीत.
मग बराच वेळ काही सुचेना.
मग: पान अकरासाठी हा अंक घ्या.
ते नाक पुसणारं बोट बघा.

खिडकीखालून पिवळा दिवा फिरवत
एक ट्रक गेला, रस्ता खरवडत.
तोच असेल असं नाही. गावात असे चाळीस तरी आहेत.
डावा हात थंडीनं कोटाच्या खिशात होता.
बाहेर काढला, काचेवर टेकवला.
हिमात बोटं उमटली.
मी मोजली.