शून्य व्होल्टचा प्रश्न

बालेरुप, डिसेंबर. दुपारचे साडेतीन
आणि खिडकीबाहेर रात्र लागलेली.
पडद्यावर श्रवणयंत्राचा अ‍ॅम्प्लिफायर:
नऊ ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर,
आणि शेवटाकडून सुरुवातीला परत जाणारी ती तार.

मोजायचं होतं एवढंच
की एका फेरीत किती वाढतं, किती उशीर होतो.
म्हणून मी तार तोडली.
तोडताक्षणी आउटपुट वर उडालं,
बॅटरीच्या व्होल्टेजला जाऊन चिकटलं,
आणि आलेख सपाट,
आमच्या डेन्मार्कसारखा.

आस्गरची निवृत्ती आठ दिवसांवर.
खांद्यावरून डोकावून म्हणाला,
"फेरा तोडून फेऱ्याचीच चौकशी, सोल्वाय?
आम्ही तिथे एक अब्ज हेन्रीचं कॉइल लावायचो.
गावात मावलं नसतं,
पण सिम्युलेटरला जागेची पंचाईत नाही.
तू मात्र तार जोडून टाक.
आणि तिच्यात एक सोर्स घाल,
जिथे मागचा इम्पिडन्स कमी, पुढचा जास्त.
डीसी शून्य.
शून्य, म्हणजे सर्किटला कळतही नाही कुणी आलंय.
एसी एक. दोन घातलेस तरी चालेल,
आपल्याला गुणोत्तर हवंय.
परत आलेलं भागिले पाठवलेलं.
आणि वजा चिन्ह.
सत्त्याऐंशी साली मी ते विसरलो होतो.
अकरा आठवडे."

या वेळी आलेख उतरला, घाटातल्या रस्त्यासारखा नव्हे,
इथे घाट कुठले,
पण उतरला.
लूप गेन एकवर आला तिथे फेज मार्जिन एकोणीस अंश.
म्हणजे कडेवर उभं.
कपॅसिटर वाढवला. बासष्ट.
"आता शिट्टी नाही वाजायची," मी म्हटलं.
तो कोट चढवत होता.
"ही नाही," म्हणाला.

निरोपाच्या दिवशी थीरा आली, त्याची बायको,
दोन्ही कानांत आमचीच यंत्रं, जुनं मॉडेल.
केक कापला. भाषणं झाली, लांबली.
मग त्यानं वाकून तिच्या गालाला गाल लावला
आणि खोलीभर ऐकू गेली
एक बारीक, उंच शिट्टी.
कानातून गालावर, गालावरून परत कानात:
हा फेरा माझ्या सर्किटात नव्हता.

आम्ही सगळे इंजिनिअर गप्प.
प्रत्येकाच्या मनात तोच आकडा,
गेन किती कमी करावा.
थीरानं हात यंत्राकडे नेला, अर्ध्यावर थांबवला.
आस्गर मागे सरला नाही.
शिट्टी वाजत राहिली.