चाचणीचा डेटा

महापे, रात्रीचे पावणेदोन.
चार फंक्शनं लिहून झाली: उघड, ठेव, आण, पूस.
चाचणीला काहीतरी नावं हवीत
म्हणून घणसोलीची टाकली, बाबांच्या तोंडची.
खारीचा तुकडा: भात, बारा मण.
बांधाखालची: निवट्या.
दमयंती आत्याची: वाल, कधी झाला तर.

आण म्हटलं. आलं.

मग त्याच किल्लीवर दुसरं ठेवून पाहिलं.
खारीचा तुकडा: सेक्टर नऊ, पार्किंग.
शून्य परत आलं,
म्हणजे काही चुकलं नाही.
जुन्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

शेवटी सगळ्याच किल्ल्या पुसल्या.
आण म्हटलं तर आता काही येत नाही,
पण फाईल तेवढीच.
एक बाईट हलली नाही.

सकाळी काळसेकर म्हणतील,
जागा मोकळी करायचं फंक्शन राहिलं, मोकल.

लिहीन.
एवढी काय घाई आहे.