लाल दोरा

शिलेवर कोरलंय: राजा अदद-शुम
झाब नदी ओलांडून गेला,
सात शहरं पाडली, आठव्याने आपणहून वेस उघडली.

ओलांडून गेला म्हणजे काय, ते मला विचारा.
मी कातडी शिवत होते.
शेळीचे चारही पाय आवळायचे, मानेशी तोंड लावायचं
आणि गाल दुखेस्तोवर फुंकायचं.
शिपायामागे एक कातडं.
चांभारगल्लीतल्या बायकांचा श्वास
पोटाशी धरून फौज पैलतीराला लागली.

राजा तराफ्यावर होता. त्याला पोहता येत नव्हतं.
हे शिलेवर नाही.

माझ्या झेरियाच्या कातड्याला मी दुहेरी टाका घातला,
डांबर चोपडलं,
वर लाल दोरा, ओळखीचा.

जिंकून आले तेव्हा ढोल, खेचरांवर देवदाराचे ओंडके,
एका दोरीला ओवलेली परकी माणसं.
घाटावर कारकून कातडी मोजून घेत होता, सरकारी माल.
ढिगात लाल दोऱ्याचं सापडलं.
अर्धं फुगलेलं. टाका शाबूत.

फाटलंय हे, मी म्हटलं,
आणि घरी आणलं.

गाठ अजून सोडलेली नाही.
आत आहे तो माझा श्वास की त्याचा,
सोडल्यावर कळेल थोडंच.