घट

बावीस पानं.
पहिल्यावरच माझं पूर्ण नाव, आणि पुढे:
यापुढे जिचा उल्लेख 'डॉक्टर' असा होईल.
एमडीचा निकाल लागून एकोणीस दिवस झालेत.
सीपीआरच्या वॉर्डात मावश्या अजून मला 'ताई' म्हणतात.
त्या ओळीवरून मी उगाच
दोनदा बोट फिरवलं.

शेवटच्या पानावर पिवळा चिकट बाण, इथे सही.
राजारामपुरीतल्या काचेच्या केबिनमध्ये
एचआरचे अष्टेकर म्हणाले होते,
"फॉरमॅट सगळ्यांना सेमच असतो, मॅडम. शुक्रवारपर्यंत द्या."
आणि कॉफी मागवली होती. माझ्यासाठी.

रात्री हुपरीत पप्पा मशीन बंद करून हात धूत होते.
बोटांच्या रेषांत उतरलेला चांदीचा काळा
साबणाला जात नाही.
"वाच," म्हणाले. "मराठीत वाच."

मराठीत वाचताना मला कळलं काय लिहिलंय ते.

सहा महिने ठरलेला पगार, मग टक्केवारी.
"कशावर टक्के? बिलावर, का हातात आलेल्या पैशावर?"
पान उलटलं, परत उलटलं. लिहिलेलंच नव्हतं.
नोटीस मी द्यायची तीन महिन्यांची,
त्यांनी, 'व्यवस्थापनास योग्य वाटेल तेव्हा'.
मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात.
इथे पप्पा हसले.
"कारखानदार मला चांदी देतो गं.
म्हणून मी माझी भट्टी त्याच्या घरात ठेवतो व्हय?"

कलम चौदा. सोडून गेल्यास दोन वर्षं
पंचवीस किलोमीटरच्या आत रुग्ण तपासायचा नाही.
मी शाळेतला जिल्ह्याचा नकाशा काढला, आईने बशी आणली,
राजारामपुरीवर पालथी घालून पेन्सिल फिरवली.
आत आलं रंकाळा, बावडा, शिरोली, आत्याचं उचगाव,
जोतिबाचा अख्खा डोंगर,
आणि काठावर नव्हे, चांगली आत, हुपरी.
हे घर. हा कट्टा,
जिथे इंदूकाकी रोज बीपी मोजून घ्यायला बसते.
आईने बशी उचलली, पदराने पुसली,
चहा ओतला तिच्यात.

पप्पांनी बावीसच्या बावीस पानं काट्यावर ठेवली.
एकशे नऊ ग्रॅम, आठशे मिली.
"एवढ्या पैंजणाला मी आधी घट लिहून घेतो.
तापवलं, ओढलं, घासलं, कायतरी उडणारच.
उडालं ते कुणाच्या अंगावर,
हे ठरल्याबिगर मूस पेटवत न्हाई.
तुझ्यात घट कुठाय?"

मी गप्प.
वॉर्ड सात, पहाटेचे चार, गारगोटीचा माणूस.
सगळं बरोबर केलं होतं. तरी.
त्याच्या पोराने कॉलर नाही धरली,
नुसतं विचारलं, "ताई, काय चुकलं?"
तेव्हा माझ्या पाठीमागे सर होते, युनिट होतं,
सरकारी दगडी भिंत होती.

घट सापडली एकोणिसाव्या कलमात.
दावा, भरपाई, वकिलाची फी,
सर्व डॉक्टरने सोसावे.
रुग्णालय जबाबदार असणार नाही.
तोच शब्द, पहिल्या पानावरचा,
ज्यावरून मी बोट फिरवलं होतं.

बारा वाजता मुजावर मॅडमना मेसेज टाकला.
तीन वर्षं काढलीत त्यांनी तिथे. जाग्याच होत्या.
"माझं एकोणीस बदलून दिलं होतं. मी विचारलं म्हणून.
कोणी विचारतच नाही गं."

बाण सोलून मी टेबलाच्या कडेला चिकटवला.
फेकला नाही. नोकरी हवीच आहे,
शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता पाच तारखेपासून सुरू.

मग समासात पेन्सिलने अकरा प्रश्न.
आई खांद्यावरून डोकावली,
"त्यांना तरी वाचता यावं असं लिही की."
खोडरबर शोधला.
सावकाश लिहिलं सगळं परत,
पहिलीतल्यासारखं, शिरोरेघ ओढून.