सहावा येत नाही

वाळलेलं फूल पाण्यात उकळलं
की थोडा वेळ पुन्हा फूल होतं.
एवढंसं, मोहरीच्या दाण्याएवढं.
कूलर बंद करून बसले आहे,
वाऱ्याने बिया उडतात म्हणून.
नागपूरचा मे. घाम भिंगावर टपकतो,
पुसते, पुन्हा डोळा लावते.

चिठ्ठीवरचं अक्षर माझंच, निळं, घाईचं:
ड्रॉसेरा इंडिका. दवबिंदू.
हिंगण्याच्या पलीकडे, तलावाची पाळ.
ऑक्टोबर सत्त्याऐंशी.
गोळा करणारा: सोनबा कुमरे, शिपाई.

इंडिका उभी वाढते, वीतभर,
पानं दोऱ्यासारखी लांब,
कोवळं टोक आत गुंडाळलेलं.
दुसरी, बर्मानी, मातीला चिकटून बसते
रुपयाएवढी,
पानं पाचरीसारखी, गोल मांडलेली,
मधून एकच दांडी, गुळगुळीत.
दोघींच्या केसांवर तोच चिकट थेंब,
दोघींकडे तेच मेलेलं चिलट.
तरी फरक शाळेतलं पोरगंही सांगेल.
पानं समोर असतील तर.

सोनबाने पानं आणलीच नव्हती.
नुसत्या दांड्या, जुन्या वर्तमानपत्रात दाबलेल्या,
दोन-तीन फुलं, काही बोंडं.
मुळासकट का नाही आणलं?
"आणलं असतं जी.
मंग पुढल्या साली पाहाले काय राह्यलं असतं?"

मी चिडले. सहा वाजता साहेबांना यादी हवी होती,
माझी नोकरी अजून कच्ची.
फुलाला गुलाबी झाक दिसली, लिहून टाकलं.
तो दारातच, पोटऱ्यांपर्यंत चिखल:
"मॅडम, हे बसकं वालं आहे. उभं वालं अलग."
पाहून घेईन, म्हटलं.
पाहिलं नाही.

गुलाबी फसवतं;
दोघी पांढऱ्याही फुलतात, गुलाबीही.
बी त्याहून अवघड, खसखशीपेक्षा बारीक, काळी,
अंगावर जाळी. जाळी वाचायला
दुसरीची बी शेजारी लागते,
आणि वेळ, जो तेव्हा माझ्याकडे नव्हता,
आता आहे, पेन्शनसारखा, दर महिन्याला.

म्हणून फुलाच्या आत जायचं.
इंडिकाचे कुक्षीवृंत तीन,
प्रत्येक बुडापासून दुभंगलेला, मोजताना सहा भरतात.
बर्मानीचे पाच, एकेकटे.

सुईने पाकळी सारते.
एक. दोन.
तिसरा चौथ्याला चिकटलाय, सोडवते.
पाच.

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत जातो.
पुन्हा मोजते.
सहावा येत नाही.

दुसरं फूल उकळते. पाच.
तिसरं ठेवून देते,
माझ्यानंतर कुणाला माझ्यावर शंका आली तर.

त्या पाळीवर आता लेआउट पडलंय,
प्लॉटांना चुन्याच्या रेषा.
मुळं नेमकी कुठे सोडली होती
ते त्याने सांगितलं नाही,
मी विचारलंही नाही,
आणि तो जाऊन अकरा वर्षं झाली.

जुनी चिठ्ठी फाडायची नसते, असा नियम.
चूक कागदावर राहते,
दुरुस्ती तिच्या शेजारी चिकटवायची.
नवी चिठ्ठी कापते, लिहिते:
ड्रॉसेरा बर्मानी.
ठरवणारी, इथे माझं नाव हवं,
पेन थांबतो.
रकाना खोडून खाली लिहिते:

ओळखणारा: सोनबा कुमरे, सत्त्याऐंशी.
मोजणारी: मी, यंदा.

डिंक वाळेपर्यंत कूलर लावत नाही.