पंधरा मिनिटं

ब्रेडच्या डब्यावर काडेपेटीएवढा हॉटस्पॉट,
हिरवा दिवा लुकलुकतो.
टॉर्किलनं मर्डिनाला समजावलं होतं:
फ्रिक्वेन्सी एकच, खोल्या मात्र पुष्कळ.
नंबर लाव, बटण दाब, दार उघडतं.
पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही
की आपोआप लागतं.

जगाच्या खोलीत नुसता गलका.
लुइस बेटाच्या खोलीत मेंढ्या, फेरीबोट, कुणाचा तरी गुडघा.
आणि एक खोली फक्त दोघांची,
टेकडीवर पीट कापताना तो विचारायचा,
'सूप झालं का?'

मार्चपासून तिथं कुणी नाही.
तरी ही चौदाव्या मिनिटाला
बटण दाबते, सोडते. बोलत नाही.

काल एका अंकानं चुकलेला
होबार्टचा कुणी म्हणाला, 'आहे का कोणी?'

ती गडबडली.
'झालंय,' म्हणाली, 'सूप.'