सात पॉइंट दोन

उद्यमबागेत, शेवटच्या गल्लीतल्या फाउंड्रीत
मला पगार मिळतो लोखंड पाण्यात बुडवण्याचा.

आधी हवेत तोलायचं : छत्तीसशे ग्रॅम.
मग काट्याखालच्या हुकाला नायलॉनची दोरी,
दोरीला कास्टिंग, आणि खाली बादली,
राकसकोपचं पाणी, नळाला लहर येईल तेव्हा येणारं.
बुडताच लोखंड पाचशे ग्रॅमनं हलकं होतं.
जेवढं हलकं, तेवढी त्यानं अडवलेली जागा.
छत्तीसशे भागिले पाचशे.
सात पॉइंट दोन. पास.

देसूरच्या शाळेत आम्ही याला घनता म्हणायचो,
शेजारच्या टेबलावरची निंगव्वा सांद्रते म्हणते.
रजिस्टरात दोघीही नुसता आकडा लिहितो.

सोमवारी एक आलं, दिसायला तसंच,
त्याच पॅटर्नचं, कडा कोरीव,
टिचकी मारली तर आवाजही बरा.
जागा तेवढीच अडवली, पाचशे.
वजन मात्र चौतीसशे पन्नास.
मी दोनदा दोरी बदलली. बुडबुडे बोटानं पुसले.
सहा पॉइंट नऊ.

दीडशे ग्रॅम गेले कुठं?
दीडशे भागिले सात पॉइंट दोन,
वीस-एकवीस घन सेंटिमीटर.
म्हणजे आत कुठंतरी
आवळ्याएवढ्या जागेत
काहीच नाही.

साचा भरमाण्णा मुचंडीकरचा.
सव्वीस वर्षं वाळू चाळणारा माणूस,
मुठीत दाबून ओल सांगणारा.
गेल्या महिन्यात तीन दिवस आला नव्हता.
चौथ्या दिवशी आला, हसला, चहात बन बुडवून खाल्ला,
आणि आम्ही सगळ्यांनी त्याला
हवेतच तोललं.

करवतीखाली तासभर गेला.
होतीच पोकळी.
अगदी मध्यावर नव्हे, जरा बाजूला,
आतून गुळगुळीत, निळसर,
रस ओतताना गिळलेली वाफ
वाट न सापडता जिथल्या तिथं थिजलेली.

भरमाण्णानं तिच्यात अंगठा घातला.
फिरवला. बराच वेळ बाहेर काढलाच नाही.
"एवढीच होय गं," म्हणाला,
"मला वाटलं, मोठी आसंल."

मी रिजेक्टचा शिक्का मारला.
दोन्ही अर्धुकं उद्याच्या भट्टीसाठी
भंगाराच्या ढिगावर ठेवली.
सहा पॉइंट नऊच्या पुढं
कारण लिहायला एक रकाना असतो.
ओली वाळू, असं लिहायचं असतं त्यात.
अजून लिहिलेलं नाही.